पाटीवर आलं तरच

आप्पा शिंत्रेच्या केशकर्तनालयासमोर भर उन्हात उभे होते आणि तिथून हलायला तयार नव्हते.

"शंभर झाली," ते म्हणाले.

"मग आता घरी चला की."

"परत यायचं लिवलंय का?"

मी स्कूटर बंद केली. शिंत्रे हातात वस्तरा घेऊन दारात आला होता आणि आत खुर्चीतलं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक मान वाकडी करून आमच्याकडे बघत होतं. आमच्या उंबऱ्यापासून शिंत्रेच्या दुकानापर्यंत बरोबर शंभर पावलं भरतात, हे त्या दुपारी सगळ्या गल्लीला कळलं. सकाळी वाचनालयाच्या फळ्यावर मीच लिहिलं होतं : 'जेवणानंतर शंभर पावले चालावे.' आप्पा जेवले होते आणि शंभर पावलं चालले होते. पुढं काय करायचं ते फळ्यावर नव्हतं.

"आप्पा, अहो ते मी लिहिलंय. आता मीच सांगते, परत चला."

"तू फकस्त खडू धरलास," आप्पा म्हणाले. "मजकूर वरनं येतो."

शेवटी त्यांना स्कूटरवर मागं बसवून घरी आणलं. गाडीवर बसू नये असं फळ्यावर नसल्यामुळे तेवढं त्यांना चाललं. दुसऱ्या दिवशी 'पन्नास जाऊन पन्नास परत' अशी दुरुस्ती मी अध्यक्षांकडून मिळवली, पण तोवर आणखी तीन म्हाताऱ्यांना त्यांच्या घरच्यांनी गावातून गोळा करून आणलं होतं. त्यातला एक पाण्याच्या टाकीखाली सापडला.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. तासगावात लोकहितवर्धक वाचनालय नावाचं आमचं एक वाचनालय होतं आणि तिथं मी सहायक ग्रंथपाल होते. पुस्तकं देणं, पुस्तकं मागून घेणं, पंखा बंद करणं आणि दारातल्या फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहिणं ही माझी कामं. सुविचार कुणी वाचत नव्हतं. मी एकच सुविचार सलग अकरा दिवस ठेवून पाहिला होता, कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मग आमचे अध्यक्ष माईणकर सर कुठून तरी एक पुस्तिका घेऊन आले. सर निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाल्यावर शाळा गेली, पण सरांमधला मुख्याध्यापक काही गेला नाही. पुस्तिकेत वर्षाचे तीनशे पासष्ट आरोग्यमंत्र होते, प्रत्येकावर तारीख छापलेली. सरांनी ती माझ्या हातात दिली आणि बजावलं, "एक शब्द इकडचा तिकडे नाही. तुझ्या मनाचं तर अजिबात नाही."

एक जानेवारीला फळ्यावर पहिला मंत्र लागला आणि आठवड्याभरात तासगावातले यच्चयावत म्हातारे फळ्यासमोर उभे राहू लागले. त्यात सगळ्यात पुढं आमचे आप्पा. त्यांचं नाव गुरुपाद जंगम. एकतीस वर्षं एसटीत चालक. एकही अपघात नाही, त्याचा बिल्ला कपाटात जपून ठेवलेला. आम्ही ज्याला फळा म्हणत होतो त्याला ते पाटी म्हणायचे. पाटीबद्दल त्यांचं ठाम मत होतं आणि ते मी लहानपणापासून ऐकत आले होते.

"पाटी लिवणारा शहाणा आसतो आसं न्हाई," ते म्हणायचे. "पण पाटी हाय म्हंजे तिथं आदी कुणीतरी आपटलेला आसतो. उगं कोण खांब रोवत न्हाई."

घरात मी आणि ते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. आईबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो. का, तेही बोलत नव्हतो. आप्पांना दोन वर्षांपासून साखर होती आणि गोळ्यांची डबी देवघरात ठेवलेली होती, बहुतेक देवानं खाव्यात म्हणून. मी रोज दोनदा सांगायची आणि ते रोज दोनदा हूं म्हणायचे. चार फेब्रुवारीला फळ्यावर 'औषधे वेळेवर घ्यावीत' असं आलं. त्या दिवशी त्यांनी घड्याळ लावून दोन्ही गोळ्या घेतल्या. पाच फेब्रुवारीला नाही.

"आप्पा, गोळी?"

"ते कालचं हुतं."

माझा संताप व्हायचा. एक माणूस सकाळी मी घरी बोललेलं ऐकत नाही आणि अर्ध्या तासानं माझ्याच हातचं वाचून शिरसावंद्य मानतो, याला काय म्हणायचं. पण खरं सांगते, थोडं बरंही वाटायचं. एवढं कुणी माझं कधी ऐकलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी गोष्टी हाताबाहेर गेल्या. त्या दिवशीचा मंत्र होता : 'प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा.' आणि त्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या मगदूमांच्या मुलीचं लग्न होतं. पहिल्या पंगतीला मान म्हणून वडीलधारी बसलेली. आता पंगतीची आपली रीत अशी की सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. तरुण लोकांचं वीस मिनिटांत आटोपलं आणि ते हात वाळवत बसले. म्हातारे मसालेभाताच्या दुसऱ्या घासावर होते. कुणी बोलत नव्हतं, सगळे मनात मोजत होते. वाढपी बुंदीची परात घेऊन तीन वेळा येऊन गेला. पुढच्या पंगतीचे लोक पाठीमागं येऊन उभे राहिले, मग वाकून ताटात बघू लागले, मग बायकांनी मुलांना चिमटे काढून रडवलं की कुणाला तरी दया येईल.

मी आप्पांजवळ जाऊन हळूच म्हटलं, "आप्पा, आटपा. नवरदेवाकडची चिडलीत."

त्यांनी बोट वर करून मला थांबवलं, घास गिळला आणि म्हणाले, "मी एकोणीसच करतोय. माझं दातच एकोणीस हायीत. बाकीच्यांस्नी बोल."

दुसरी पंगत साडेचारला बसली. वरात निघायला अंधार झाला. मगदूमांनी वाचनालयाची वर्गणी बंद केली आणि समितीनं तातडीची बैठक घेऊन ठराव केला, की यापुढं रोजचा मजकूर अध्यक्षांनी पाहून सही केल्याशिवाय फळ्यावर जाणार नाही. मजकूर पुस्तिकेतलाच असावा, कुणाच्या घरगुती कार्यात विघ्न आणणारा नसावा. सर मन लावून सही करायचे. आदल्या संध्याकाळी वहीत, तारखेसह.

त्याच सुमारास आप्पांनी कॅनव्हासचे पांढरे बूट घेतले होते. 'चालताना योग्य पादत्राणे वापरावीत' असं फळ्यावर आलं होतं म्हणून. जन्मभर चपलेवर काढलेला माणूस, बूट एक नंबर लहान घेतला आणि दुकानदाराला म्हणाला, सैल होतील. सकाळी पन्नास जाऊन पन्नास परत, संध्याकाळी तसंच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी न्हाणीत गेले तर आप्पा मोजे धूत होते.

या माणसानं आयुष्यात स्वतःचा पेला विसळला नव्हता. मला बघून त्यांनी बादली पायानं मागं सारली.

"द्या इकडं, मी धुते."

"ऱ्हाऊ दे. झालंय."

दोरीवर मोजे वाळत घातलेले होते. एकावर बोटांखाली पिवळट डाग होता, धुऊनही न गेलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी जवळ जाऊन वास घेतला. पुवाचा वास. आप्पा थोडे लंगडत होते, पण कोणत्या पायानं ते कळू देत नव्हते. मी बघतेय असं दिसलं की ताठ चालायचे. बुटाच्या लेशी माझ्यासमोर सोडत नव्हते.

"आप्पा, पाय दाखवा."

"कशाला?"

"मला बघायचाय."

त्यांनी पेपर खाली केला. "पाटीवर आलंय का?"

"नाही."

"मग."

आणि पेपर वर गेला.

त्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. सर वही उघडून उद्याच्या मजकुरावर सही करायच्या बेतात होते. उद्याचा मंत्र होता : 'टाळ्या वाजवल्याने रक्ताभिसरण सुधारते.'

"सर, उद्या पायाचं लिहू या. साखर असलेल्यांनी डॉक्टरांना तळपाय दाखवावेत, असं."

सरांनी पुस्तिका चाळली. बराच वेळ चाळली. मग एका पानावर बोट ठेवलं. "पाय आहे. एकोणीस ऑक्टोबरला आहे."

"सर, मार्च चाललाय."

"ते मला कळतं."

"आप्पांच्या पायाला जखम आहे. मला दाखवत नाहीत, डॉक्टरकडे येत नाहीत. ऑक्टोबरपर्यंत पाय राहायचा नाही."

सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "महानंदा, तू घरी सांग त्यांना."

"घरी सांगितलेलं ऐकत नाहीत. फळ्यावरचं ऐकतात."

"फळा एका माणसासाठी नसतो. आज तुझ्या वडिलांसाठी लिहिलं, उद्या कुणी सासूसाठी लिहा म्हणेल. शिवाय," सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले, "साखरेचा उल्लेख मला योग्य वाटत नाही. गावात साखर असणारे लोक आहेत. त्यांना ते टोचेल."

आणि त्यांनी टाळ्यांवर सही केली.

सकाळी साडेसातला मी फळा पुसला, खडू घेतला आणि तशीच उभी राहिले. नोकरी जाईल हे कळत होतं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. मी लिहिलं : 'साखर असलेल्यांनी आज दुपारी बारापर्यंत उजवा तळपाय डॉ. मुल्ला यांना दाखवावा.'

उजवा, कारण मी हिशेब केला होता. ब्रेकचा पाय. एकतीस वर्षं त्याच पायावर सगळा भार. दुखत असणार तर तोच. दोन्ही लिहिलं असतं तर ते मोघम वाटलं असतं, आणि आप्पांना मोघम पाटी आवडत नसे. वळण आहे तर कोणत्या बाजूला ते लिहा, असं ते म्हणायचे.

आप्पा आठला आले. ओठ हलवत वाचलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि डॉक्टर मुल्लांच्या दवाखान्याच्या दिशेनं चालू लागले. मला रडू आलं. मी आत जाऊन कपाटामागं उभी राहून थोडं रडून घेतलं.

दहाच्या सुमारास गावात काय चाललंय ते कळायला लागलं. दवाखान्यापासून चावडीपर्यंत रांग होती. सगळ्यांचा उजवा पाय अनवाणी आणि उजवी चप्पल हातात. ज्यांना साखर नव्हती तेही आले होते, तपासणी केलेली बरी म्हणून. शिंत्रे दुकान बंद करून रांगेत होता. एकानं पाय धुऊन, हळद लावून आणला होता. रस्त्यावरून जाणारी एसटी थांबली, कंडक्टरनं उतरून चौकशी केली आणि तोही एक बूट काढून उभा राहिला.

साडेअकराला वाचनालयातला फोन वाजला. डॉक्टर आफरीन मुल्ला. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, एकाच शाळेतली.

"महानंदा, आज मी चौपन्न उजवे पाय बघितले," ती म्हणाली. "हे कुणाचं डोकं, ते मी नंतर विचारीन. तुझे वडील पहिल्याच पाचांत होते."

"काय म्हणतेस? कसा आहे पाय?"

"उजवा पाय सोन्यासारखा आहे. मी म्हटलं, काका, दुसरा पण दाखवा. म्हणाले, पाटीवर एकच हाय. आणि निघून गेले."

"आणि डावा?"

"डावा बुटात होता," ती म्हणाली. "मोजा काढला नाही त्यांनी, पण वास आला मला. ऐक, हे आजच झालं पाहिजे. आज दाखवलं तर बोटांवर भागेल. आणखी चार दिवस गेले तर पाय कुठून कापायचा हा प्रश्न येईल."

क्लचचा पाय. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी ओलं फडकं घेऊन दारात धावले. बारा वाजायला वीस मिनिटं होती. 'उजवा' पुसलं आणि 'डावा' लिहू लागले, तेवढ्यात पायरीवर माईणकर सर येऊन उभे राहिले. चावडीपर्यंतची रांग त्यांनी बघितली होती. चेहरा लालबुंद. आणि आतून, वाचनकक्षातून, आप्पा आले. आपलं काम उरकून, माझ्या नकळत येऊन ते निवांत पेपर वाचत बसले होते.

"दुरुस्ती आली व्हय?" आप्पांनी विचारलं. "वरनं?"

"हो," मी म्हणाले.

"वरून काहीही आलेलं नाही, जंगम," सर म्हणाले. "हा मजकूर मंजूर नाही. पुस्तिकेत नाही. आज टाळ्यांचा दिवस होता. हिनं स्वतःच्या मनाचं लिहिलं आहे."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग फळ्याकडे. 'डावा' मधला 'वा' अजून लिहायचा होता.

"मजकूर कुणाचा?"

खोटं बोलता आलं असतं. पुण्याहून आलाय, सरकारकडून आलाय, काहीही. पण सर शेजारी उभे होते आणि माझं त्राणच संपलं होतं.

"माझा," मी म्हणाले.

"आस्सं." ते हसले, अगदी थोडंसं. रागावले असते तर बरं झालं असतं. "नंदे, पाटी आशी लावत न्हाईत. कुणीतरी आदी आपटाय लागतं. हितं कोण आपटलंय?"

ते आत जायला वळले होते. मी त्यांच्या पाठीला म्हणाले, "आई."

ते थांबले.

"आई आपटली. आठ महिने छातीत गाठ घेऊन फिरत होती. तुम्ही सोलापूरच्या गाडीवर होता. ती तिची झंपरं वेगळी धूत होती, आप्पा. आधी स्वतः धुवायची, मग दोरीवर साडीखाली वाळत घालायची. डाग दिसू नयेत म्हणून. मी ते डाग बघितले होते. मी विचारलं नाही. म्हटलं, असेल काहीतरी." मी थांबले नाही. "आई आपटली आणि तिच्यामागं मी आपटले. आता सांगा, पाटी लावू का नको?"

सहा वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सर खाली बघत होते. आप्पांनी दाराच्या चौकटीला हात लावला, एकदा माझ्याकडे नीट बघितलं आणि सावकाश पायरीवर बसले.

"लिव्ह पुरं," ते म्हणाले. "अर्दी पाटी वाईट."

मी 'वा' लिहिला. ते वाकून डाव्या बुटाची लेस सोडू लागले. गाठ सुटेना. मी खाली बसून सोडली. मोजा जखमेला चिकटला होता, तो ओढताना त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. तळपायाला करंगळीखाली रुपयाएवढं काळं भोक होतं. मला वाटलं होतं त्याहून वाईट.

"दुकत न्हाई," ते म्हणाले, जणू माझी समजूत घालत होते. "तेच तर. कायच दुकत न्हाई बघ."

इतक्यात शेजारी कुणीतरी बसल्यासारखं वाटलं. माईणकर सर होते. त्यांनी चप्पल काढली, धोतर गुडघ्यापर्यंत घेतलं आणि दोन्ही पाय उन्हात लांब केले.

"माझी बारा वर्षांपासून आहे," ते फळ्याकडे बघत म्हणाले. "माझे पण जरा बघ."

आप्पांना दुपारीच मिरजेला नेलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, पाय राहिला. दवाखान्यात ते महिनाभर होते. गोळ्या मी द्यायची आणि ते घ्यायचे, पाटीबिटी काही विचारत नव्हते. सरांच्या पायाला काही निघालं नाही, नुसत्या भेगा. माझी नोकरी गेली नाही. समितीनं मला ताकीद द्यायचा ठराव केला, पण तो लिहून काढायची जबाबदारी माझ्यावरच असल्यामुळे तो राहून गेला. आप्पा पुढं नऊ वर्षं जगले, आठ बोटांवर.

मे महिन्यात ते पहिल्यांदा काठी घेऊन वाचनालयात आले. पन्नास पावलं झाली की थांबत, मग पुढची पन्नास, असे. मी फळा पुसून पुस्तिका उघडतच होते.

"खडू दे," ते म्हणाले.

त्यांचं अक्षर बसच्या पाटीवरच्यासारखं, मोठं आणि सरळ. वेळ लागला. त्यांचं होईपर्यंत दारात सात-आठ जण जमले, शिंत्रेही आला. सर आले, त्यांनी चष्मा लावला. मी पुस्तिका मागं लपवली. फळ्यावर लिहिलं होतं :

'घरच्यांनी पाय बघू म्हटल्यास पाटीची वाट बघू नये.
इथे आपटलेला : गुरुपाद जंगम, चालक (निवृत्त).'

सरांनी ते दोनदा वाचलं. मग आप्पांच्या हातातून खडू घेतला, खाली कोपऱ्यात मंजुरीची सही केली आणि तारीख घातली. एकोणीस ऑक्टोबरला अजून पाच महिने होते.